ग्रेट डेनचं पोट फुगलं तर साधा गॅस की पीळ, ओळखायचं कसं?

डेनवाला_पुणे
ग्रेट डेन, नर, 5 वर्षं, 62 किलो. दिवसातून एकदाच, रात्री 9 वाजता जेवतो. भांडं स्टँडवर असतं आणि दोन मिनिटांत रिकामं होतं. या जातीत जठराला पीळ पडतो म्हणतात. रात्री पोट फुगलेलं दिसलं तर सकाळपर्यंत थांबता येतं का? जेवणात काय बदलू?

खोल_छाती
थांबायचं नाही. पीळ असेल तर प्रश्न तासांचा असतो.

सर्वात पक्की खूण म्हणजे कोरडे उमाळे. कुत्रा मान खाली घालून ओकायला बघतो, पण बाहेर काहीच पडत नाही. फार तर लाळ किंवा पांढरा फेस. सोबत अस्वस्थपणा असतो: बसतो, उठतो, पोटाकडे वळून बघतो, पुढचे पाय पसरून मागचा भाग वर ठेवतो. साध्या गॅसमध्ये ढेकर येतो, वारा सरतो, थोड्या वेळात स्वारी झोपते.

पोट ढोलासारखं दिसायलाच हवं असं नाही. डेनची छाती खोल असते, त्यामुळे फुगलेलं जठर बरगड्यांखाली दडतं. शेवटच्या बरगडीमागे डावीकडे टिचकी मारून बघा, पण पोकळ आवाज आला नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. हिरडी बोटाने दाबून सोडा. गुलाबी रंग 2 सेकंदांत परतायला हवा. हिरड्या काळ्या असतील तर खालची पापणी ओढून आतला रंग बघा. फिकट दिसली तर शॉक (शरीराला रक्त अपुरं पडणं) सुरू झालाय.

असं का होतं? जठर फिरलं की अन्ननलिकेकडचं तोंड आवळतं आणि आतड्याकडची वाटही बंद होते. आतला वायू वाढत जातो, फुगलेलं जठर मोठ्या शिरेवर दाब देतं, हृदयाकडे परतणारं रक्त घटतं. त्याच वेळी जठराच्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटून ती सडायला लागते.

रात्रपाळी_व्हेट
यात भर. सोडा, हिंगाचं पाणी, तेल, काही पाजू नका आणि मुद्दाम ओकवू नका. वाटच बंद असते. पाजलेलं श्वासनलिकेत जायची भीती. पोट चोळायचंही नाही. सुई टोचून हवा काढायचे व्हिडिओ फिरतात, ते काम दवाखान्यातलंच.

निघण्याआधी फोन करा आणि विचारा: आत्ता एक्स-रे होईल का? पोटाची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आहेत का? नसतील तर तिथे वेळ घालवू नका. हे नंबर आजच शोधून ठेवा, रात्री 2 वाजता नाही.

तिथे आधी दोन जाड सुया लावून सलाइन, मग नळीने किंवा सुईने वायू काढणं, मग उजव्या कुशीवर एक्स-रे. नळी आत गेली म्हणजे पीळ नाही, असं समजणारे मालक भेटतात (डॉक्टरही!). पीळ असतानाही नळी जाऊ शकते. शस्त्रक्रियेत जठर सरळ करून उजवीकडच्या पोटाच्या भिंतीला शिवतात. न शिवता सोडलं तर पुन्हा पीळ पडण्याची शक्यता फार मोठी. नंतरचे 2-3 दिवस हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून लगेच घरी नेण्याची घाई करू नये.

डेनवाला_पुणे
स्टँडचं काय? मानेला बरं म्हणून घेतला होता.

खोल_छाती
काढा. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचा मोठ्या जातींवरचा अभ्यास 2000 साली आला, त्यात उंच भांड्याने धोका वाढलेला दिसला. त्यावर वाद आहे, पण मानेचं किंवा अन्ननलिकेचं दुखणं नसेल तर उंचीवर ठेवायचं कारणच काय?

एकाच जेवणाचे दोन-तीन भाग करा, एकूण माप तेच. भर्रकन खाण्यावर खाचांचं भांडं वापरा, नाहीतर मोठ्या परातीत अन्न पातळ पसरा. घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याला वेगळ्या खोलीत जेवू घाला, चढाओढीने वेग वाढतो. जेवणाआधी-नंतर तासभर धावपळ नको. याचा पुरावा कच्चा आहे, पण पाळायला काही खर्च नाही. पाणी मात्र तोडू नका. कणकेचा, विशेषतः यीस्ट घातलेला, कच्चा गोळा हाताशी ठेवू नका. तो पोटात फुगतो.

रात्रपाळी_व्हेट
आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला पीळ पडला असेल तर धोका बराच वाढतो, ब्रीडरला विचाराच. जेवणातल्या बदलांनी धोका कमी होतो, जात नाही. डेनमध्ये जठर आधीच शिवून घेणं हा खरा उपाय. नसबंदीच्या वेळीच करता येतं, तुमच्याकडे 5 व्या वर्षीही. त्यानंतरही पोट वायूने फुगू शकतं, पीळ पडणं मात्र क्वचितच. तेव्हा शिवलेल्या कुत्र्याला कोरडे उमाळे आले तरी दवाखाना गाठायचाच.