बाबांना मूत्राशयाचा कॅन्सर निघालाय, अख्खी नोकरी डाय कंपनीत गेली, संबंध असेल का?

एमआयडीसी_फेज२
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. बाबांचं वय ६१. डोंबिवली एमआयडीसीत एका डाय इंटरमीडिएटच्या (रंग बनवायला लागणाऱ्या केमिकलच्या) कंपनीत १९८८ ला हेल्पर म्हणून लागले, पुढे ऑपरेटर झाले, २०११ ला कंपनी बंद पडली. त्यानंतर एका सोसायटीत वॉचमन आहेत. मध्यंतरी लघवीतून रक्त जायला लागलं, पण दुखत वगैरे काही नव्हतं म्हणून घरात कुणाला बोललेच नाहीत. म्हणे प्लांटला असताना लघवी केशरी व्हायचीच, त्यात काय एवढं. शेवटी आईने बाथरूममध्ये बघितलं आणि हात धरून दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीत गाठ दिसली, दुर्बिणीतून काढली, बायोप्सीत कॅन्सर आला. स्नायूपर्यंत गेलेला नाही म्हणतायत, तेवढा एक दिलासा.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो तंबाखू-बिडीचा. बाबा पूर्वी दिवसाला तीन-चार बिड्या ओढायचे, सोडूनही बरीच वर्षं झाली. केसपेपरवर "स्मोकर" एवढंच लिहिलं गेलं, नोकरी कुठे केली ते कुणी विचारलंच नाही. मला लहानपणीचं आठवतं, बाबा आंघोळ करायचे तेव्हा मोरीतून नारिंगी पाणी वाहायचं आणि उशीच्या अभ्र्यावर पडलेला पिवळा डाग आईने कितीही घासला तरी जायचा नाही, म्हणून त्यांची उशी वेगळी असायची. त्यांच्याच खात्यातले दोघेजण लघवीच्या आजारानेच गेले असं बाबा आता सांगतायत.

तर हा खरंच केमिकलचा परिणाम असू शकतो का, आणि असेल तर बंद कंपनीकडून काही मिळण्याची आशा धरावी का? कुणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

रिॲक्टर_ऑपरेटर
दादा, वाचून वाईट वाटलं. मी पण डायमध्येच नोकरी काढली, आता रिटायर आहे, म्हणून लिहितोय. बाबांना शांतपणे बसवून विचारा की कोणत्या खात्यात होते आणि कोणते ड्रम फोडायचे. कंपनीचं नाव पुरत नाही, मालाचं नाव लागतं. बेंझिडिन, बीटा-नॅफ्थिलअमाईन, ऑर्थो-टोल्युडिन (आम्ही नुसतं ओटी म्हणायचो) यातलं काही हाताळलं असेल तर संबंध नक्की धरण्यासारखा आहे, हे तिन्ही माणसात कॅन्सर करतात हे आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य आहे, जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या (आयएआरसी) यादीत पहिल्या गटात आहेत. टोबियास ॲसिड असेल तर तेही लिहून ठेवा, कारण त्यात बीटा-नॅफ्थिलअमाईन अशुद्धी म्हणून राहू शकतं.

आणि ही काही कालपरवा कळलेली गोष्ट नाही. १८९५ साली फ्रँकफर्टमध्ये लुडविग रेन नावाच्या सर्जनने फुक्सिन रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी दाखवून दिल्या होत्या. १९५४ ला ब्रिटनमध्ये रॉबर्ट केस यांनी डाय कामगारांच्या मृत्यूच्या नोंदी काढून हेच आकड्यांनी सिद्ध केलं. अमेरिकेत नायगारा फॉल्सच्या एका रबर केमिकल प्लांटचा अभ्यास १९९१ ला आला, ओटी आणि ॲनिलिनशी थेट संबंध आलेल्या कामगारांमध्ये साधारण १ केस अपेक्षित होती तिथे ७ निघाल्या. आपल्याकडे बेंझिडिनच्या रंगांवर बंदी यायला १९९० चं दशक उजाडलं, म्हणजे तुमचे बाबा लागले तेव्हा सगळं बिनधास्त चालू होतं.

आम्हाला कंपनी गूळ आणि केळी द्यायची, खाल्लं की केमिकल बाधत नाही म्हणून. फिल्टर प्रेस (माल गाळायचं यंत्र) उघडला की ओला केक, म्हणजे गाळून उरलेला माल, फावड्याने ओढायचा, हातमोजे फाटलेले, बनियन घामाने अंगाला चिकटलेलं, आणि हा माल कातडीतूनच आत जातो. तोंडाला फडकं बांधून किंवा गूळ खाऊन तो अडत नाही. हे आम्हाला कुणीही सांगितलं नाही, याचा राग मला आजही आहे.

युरो_निवासी
मी युरॉलॉजीत काम करतो. वरचं बरोबर आहे, थोडी भर घालतो.

ही वरची केमिकल्स, म्हणजे अमाईन्स, लिव्हरमध्ये बदलतात, किडनीवाटे लघवीत उतरतात, आणि लघवी मूत्राशयात तासन्तास साठून राहते, तेवढा वेळ आतलं अस्तर त्यात भिजत असतं. म्हणून मार बरोबर तिथे बसतो. संबंध आल्यापासून कॅन्सर दिसेपर्यंत १५-२० वर्षं सहज जातात, कधी त्याहून जास्त, त्यामुळे माणूस नोकरी सोडून वॉचमन झालेला असतो आणि जुन्या कामाचा विषयच निघत नाही.

बिडीबद्दल. तंबाखूनेही हा कॅन्सर होतो, ते नाकारायचं कारण नाही, बिडी-सिगारेटच्या धुरातही याच जातीची अमाईन्स असतात. पण बिडी ओढत होते म्हणून कंपनीचं केमिकल सुटत नाही, दोन्ही मिळून धोका वाढतो. तुम्ही पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना सरळ सांगा की वर्षं, खातं आणि केमिकलचं नाव केसपेपरवर आणि डिस्चार्ज कार्डवर लिहा. ओपीडीत गर्दी इतकी असते की आम्ही लोक विचारत नाही, ते चूकच आहे, पण तुम्ही सांगितलंत तर लिहिलं जातं.

उपचाराबद्दल घाबरू नका. स्नायूत गेलेला नसेल तर बऱ्याचदा मूत्राशय वाचतं. पेशींचा ग्रेड बघून कदाचित बीसीजीची सलाईनसारखी औषधं मूत्राशयात सोडतील, हो, तीच टीबीची लस. पण हा कॅन्सर परत परत येतो, म्हणून सुरुवातीला दर तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी असते, ती बाबा "आता बरं वाटतंय" म्हणून चुकवतील, चुकवू देऊ नका.

युनियनवाला_अंबरनाथ
कायद्याचं मी सांगतो. बाबांचं ईएसआय (सरकारी कामगार विमा) पगारातून कापलं जात होतं का ते आधी बघा. कापलं असेल तर भरपाईचा दावा ईएसआय कॉर्पोरेशनकडे जातो, कंपनी बंद पडली तरी कॉर्पोरेशन कुठे जात नाही. जुनी पगाराची स्लिप, ईएसआयचं कार्ड, पीएफ नंबर, गेटपास, जे सापडेल ते आत्ताच गोळा करा.

व्यवसायजन्य आजारांची जी यादी कायद्यात आहे त्यात मूत्राशय, किडनी आणि मूत्रनलिकेच्या अस्तराचा कॅन्सर स्पष्ट लिहिलेला आहे. अशा कामात सलग सहा महिने नोकरी झाली असेल तर आजार कामामुळेच झाला असं कायदा धरून चालतो, नाही म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं. मात्र तुमच्या केसमध्ये नोकरी सुटून बरीच वर्षं झालीत, त्यामुळे समोरचे "कामाशी संबंध दाखवा" म्हणणार, म्हणून डॉक्टरसाहेब म्हणाले ती केसपेपरवरची नोंद फार महत्त्वाची. ईएसआय नसेल तर मालकावर भरपाईचा दावा होतो, पण त्याला मुदत असते, म्हणून उशीर न करता लेबरची कामं करणारा वकील गाठा. आता नवीन लेबर कोड आलेत, त्यातही आजारांची यादी आहे, कुणी "तो कायदा गेला" म्हणून परत पाठवलं तर ऐकू नका.

अजून एक. फॅक्टरी ॲक्टप्रमाणे व्यवसायजन्य कॅन्सर हा कळवायचा आजार होता, डॉक्टरने मुख्य फॅक्टरी इन्स्पेक्टरला लेखी कळवायचं. आणि धोकादायक प्रक्रियेतल्या कामगारांचा हेल्थ रेकॉर्ड ठेवून तो कामगाराला बघायला द्यायचा ही तरतूद भोपाळनंतर १९८७ ला आली. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं ऑफिस कल्याणला आहे, तिथे लेखी अर्ज देऊन बाबांच्या कंपनीच्या फाइलीतली माहिती मागा. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका.

लोट्याची_लेक
मला वरच्या सगळ्यात एक सांगायचंय, ज्यांचं ईएसआय, पीएफ काहीच नव्हतं त्यांचं काय. माझा मामा ठेकेदाराकडे होता, ड्रायर आणि पल्व्हरायझरवर (माल सुकवायचं आणि दळायचं यंत्र), म्हणजे सगळ्यात जास्त धूळ तिथेच. दर काही महिन्यांनी ठेकेदार बदलायचा, हजेरी वहीत नाव कधी असायचं कधी नसायचं. त्याला रक्ताचा आजार झाला, गावी आला, आणि गावीच गेला. मृत्यूच्या दाखल्यावर हृदय बंद पडल्याचं कारण आहे. उद्या कुणी त्या कंपनीतल्या कामगारांच्या मृत्यूंचा अभ्यास करायला आला तर मामा त्याच्या कागदात सापडणारच नाही. मी मामीसोबत गेटवर गेले होते तर आतून निरोप आला की या नावाचा कुणी कामाला नव्हता. म्हणून दादा, तुमच्याकडे एक चिठ्ठी जरी असली तरी लॅमिनेट करून ठेवा.

रिॲक्टर_ऑपरेटर
ताई, अगदी खरं. त्यात परत अशा अभ्यासात कामगारांची तुलना सगळ्या जनतेशी करतात, आणि नोकरीला मुळात धडधाकट माणूसच घेतात, त्यामुळे एकूण मृत्यूचं प्रमाण कमी दिसतं आणि कंपनी म्हणते बघा आमचे कामगार किती ठणठणीत. मूत्राशय, रक्त, लिव्हर असं एकेक अवयव वेगळं काढून बघितलं की मग दिसतं.

एमआयडीसी_फेज२
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बाबांना घेऊन बसलो. सुरुवातीला म्हणाले जाऊ दे, त्या कंपनीनेच तुम्हाला शिकवलं. मग हळूहळू बोलायला लागले. टोबियास, बीटा नॅफ्थॉल आणि ओटी, ही तिन्ही नावं न विचारता त्यांच्या तोंडून आली, ओटीचे निळे ड्रम पंप बिघडला की बादलीने रिकामे करायचे म्हणाले. सगळं तारीखवार वहीत लिहिलंय. ईएसआयचं कार्ड आईच्या ट्रंकेत सापडलं, नंबर वाचता येतोय. खात्यातल्या सात-आठ जणांचे फोन अजून बाबांकडे आहेत. त्यांनी कोणती टेस्ट करावी?

युरो_निवासी
साधी लघवी तपासणी, त्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त पण कळतं, आणि सोबत लघवीची सायटॉलॉजी (लघवीतल्या पेशींची तपासणी). रिपोर्ट नॉर्मल आला तरी दरवर्षी करा. लघवी एकदाही लाल झालेली असेल, मग ती दोन वर्षांपूर्वी का असेना, तर टेस्टवर न थांबता थेट युरॉलॉजिस्टकडे, दुर्बीण लागेल. बिडी-तंबाखू चालू असेल तर आजच बंद. सगळे एकाच दिवशी एकत्र गेले तर उत्तम, डॉक्टरला एकाच खात्यातली आठ माणसं समोर दिसली की तो नोकरीचं विचारतोच.

युनियनवाला_अंबरनाथ
आणि त्या आठही जणांकडून बाबा कोणत्या खात्यात होते याचं लेखी घ्या, सहीसकट. मी शनिवारी कल्याणला असतो, मेसेज करा, अर्ज सोबत बसून लिहू.