एम 2 घ्यायचीय: सहा गिअरची मॅन्युअल की आठ गिअरची ऑटोमॅटिक?

बावडा_रोड (प्रश्न)

नमस्कार मंडळी. बीएमडब्ल्यू एम 2 घ्यायचं पक्कं झालंय, फक्त गिअरबॉक्सपाशी घोडं अडलंय. वापर असा: आठवड्यातले चार दिवस कोल्हापूर शहरात, महिन्यातून दोनदा पुणे, रविवारी पहाटे गगनबावडा नाहीतर आंबा घाट. वर्षातून एखादा ट्रॅक डे (रेसट्रॅकवर आपली गाडी पळवायचा दिवस), बहुतेक कोइमतूरच्या करी स्पीडवेवर. वडीलही चालवणार आणि त्यांचा डावा गुडघा दुखतो. घाटात नेमका काय फरक पडतो, क्लच किती टिकेल आणि पुढं कामं काय निघतात, हे जाणकारांनी सांगावं. "मॅन्युअल म्हणजेच खरी मजा" एवढंच सांगणारे खूप भेटलेत, त्यापुढचं हवंय.

आठवा_गिअर

आधी आकडे. 480 पीएसच्या एम 2 ला 0 ते 100 साठी ऑटोमॅटिकमध्ये 4.0 सेकंद लागतात, मॅन्युअलमध्ये 4.2. टॉर्क ऑटोमॅटिकला 600 न्यूटन मीटर, मॅन्युअलला 550. पोर्शे 911 जीटी 3 (992) मध्ये तर पीडीके (पोर्शेचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) 3.4 आणि मॅन्युअल 3.9, म्हणजे अर्ध्या सेकंदाचा फरक. वेगाच्या बाबतीत मॅन्युअल हरली, हा विषय संपला. पण रस्त्यावर दोन दशांश सेकंद कुणाला जाणवत नाही, त्यामुळं त्यावर निर्णय घेऊ नका.

दुसरं, "ऑटोमॅटिक" या एका शब्दाखाली तीन-चार वेगळी यंत्रं येतात. ड्राय क्लचच्या डीसीटीमध्ये (दोन कोरडे क्लच असलेल्या ऑटोमॅटिकमध्ये) गर्दीत गाडी सरकवताना क्लच प्लेट घासत राहते आणि तापते. एम 2 मध्ये झेडएफ या गिअरबॉक्स कंपनीचा आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आहे, म्हणजे इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सकडं जातो. सरकताना जी घसरण होते ती तेलात होते, घासून संपणारी प्लेट मध्ये नसते, आणि तेल थंड करायला कूलर असतो. गाडीनं वेग घेतला की लॉकअप क्लच कन्व्हर्टरला बांधून टाकतो, म्हणून जुन्या ऑटोमॅटिकसारखं रबर ताणल्यागत वाटत नाही. आत चार प्लॅनेटरी सेट (एकमेकांभोवती फिरणाऱ्या दातेरी चाकांचे संच) आणि पाच क्लच-ब्रेक आहेत. कुठल्याही गिअरमध्ये त्यातले फक्त दोन मोकळे असतात, त्यामुळं घर्षण कमी आणि बदल झटपट.

पुण्याच्या रस्त्यावर आठव्या गिअरचं 0.64 गुणोत्तर कामाला येतं. इंजिन शांत फिरतं, पेट्रोल वाचतं.

तांबडी_माती

घाटाचं मी सांगतो, कारण खरी निवड तिथंच होते.

गगनबावड्याचा करूळ घाट उतरताना ऑटोमॅटिक डी (ड्राइव्ह) मध्ये ठेवली की ती वरच्या गिअरला पळते. मग इंजिनचा ब्रेक मिळत नाही, सगळा भार पायातल्या ब्रेकवर येतो आणि डिस्क तापतात. उतारावर मॅन्युअल मोड घ्या, स्टीअरिंगमागच्या पॅडलनं दुसरा किंवा तिसरा धरून ठेवा. एम गाडी या मोडमध्ये लाल रेषेवरही (इंजिनच्या कमाल आरपीएमवरही) स्वतःहून गिअर वर टाकत नाही, तेवढं लक्षात असू द्या. खालचा गिअर घेताना आरपीएम मर्यादेबाहेर जाणार असेल तर मात्र ती नकार देते.

मॅन्युअलमध्ये धोका वेगळा. पावसाळ्यात गगनबावड्याकडं रस्ता सतत ओला, वळणावर तांबडी माती आणि खडी वाहून आलेली, त्यात गाडी मागच्या चाकांवर चालणारी. तिसऱ्यातून दुसऱ्यात आलात की इंजिनला साधारण दीडपट फिरावं लागतं. 3000 वर असाल तर 4500. आरपीएम न जुळवता क्लच सोडला तर ते जास्तीचे फेरे मागच्या चाकांकडून ओढून घेतले जातात. चाकं क्षणभर अडखळतात आणि वळणात शेपूट बाहेर येतं. एम 2 मध्ये गिअर शिफ्ट असिस्टंट आरपीएम आपोआप जुळवतो. पावसात तो चालूच ठेवा. सेटिंगमधून बंद करता येतो, पण ते कोरड्या रस्त्यावर हात बसल्यावर.

स्वतः जुळवायचं असेल तर क्रम असा. ब्रेक सरळ रस्त्यावरच, वळणाच्या आधी. उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर. क्लच दाबा, गिअर खाली घ्या, आणि ब्रेकवरचा दाब तसूभरही न बदलता पायाची उजवी कड ॲक्सिलरेटरवर टेकवून एक झटका द्या. आरपीएम वर चढत असतानाच क्लच सोडा. नवशिक्याचं चुकतं ते एवढंच, झटका देताना ब्रेक नकळत जास्त दाबला जातो आणि गाडी नाक खुपसते. आधी बंद गाडीत पाय बसवा. आणि कोल्हापुरी घालून हे करू नका. जाड तळाची कापशी चप्पल पेडलवरून सटकते, कडेचा अंदाजही येत नाही. पातळ तळाचे, लेसचे बूट हवेत.

गळीत हंगामात आणखी एक गोष्ट. बावडा रोडला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढं असला की पाच-सात किलोमीटर पहिल्या-दुसऱ्यात सरकावं लागतं. मॅन्युअलमध्ये अर्धा क्लच धरून मागं लागू नका. अंतर पडू द्या, पूर्ण क्लच सोडून पहिल्यात चालू द्या, परत थांबा. ओव्हरटेकला आधी दुसरा घ्या, मग बाहेर डोकवा. बाहेर पडल्यावर गिअर शोधत बसला तर समोरची एसटी येऊन ठेपते.

एवढं सगळं लिहूनही माझं मत मॅन्युअललाच. आंबा घाट चढताना प्रत्येक वळणाचा गिअर आपण ठरवतो, हे सुख पॅडलला नाही.

उद्यमनगर_लेथ

क्लच किती टिकेल याला किलोमीटरचा आकडा कुणी देऊ नये. एकच गाडी एकाच्या पायाखाली लाखभर चालते, दुसऱ्याच्या पायाखाली पंचवीस हजारांत संपते. चढावर थांबल्यावर क्लचवर गाडी तोलून धरायची सवय सगळ्यात वाईट. हिल होल्ड आहे, ब्रेक सोडल्यावरही गाडी क्षणभर धरून ठेवतो, तो वापरा.

तपासायचं कसं? चौथ्या किंवा पाचव्यात 2000 आरपीएमच्या आसपास चला आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम उडी मारून वर गेला आणि वेग मागं राहिला तर क्लच घसरतोय. आवाजाचं असं: पेडल दाबल्यावर आवाज येतो तो रिलीज बेअरिंगचा. पेडल सोडलेलं असताना न्यूट्रलमध्ये येतो आणि दाबल्यावर जातो, तो गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टकडचा.

फ्लायव्हीलबद्दल, म्हणजे क्लच ज्यावर बसतो त्या इंजिनच्या जड चाकाबद्दल, खास सांगतो. आपल्या उद्यमनगरात फ्लायव्हील लेथवर फेस मारून (पृष्ठभाग घासून सपाट करून) मिळतो आणि साध्या एकसंध फ्लायव्हीलला ते चालतं. या गाडीला ड्युअल मास फ्लायव्हील आहे. आत स्प्रिंगा आणि ग्रीस, दोन भाग एकमेकांवर ठरावीक अंशांपर्यंत फिरतात. फेस मारताना तापला की ग्रीस जातं, आणि आतल्या झिजलेल्या स्प्रिंगा तशाच राहतात. गाडी बंद करताना खडखड आवाज आला तर तो बदलायचाच, सोबत प्लेट, कव्हर, बेअरिंग. फ्लायव्हीलचे बोल्ट ताणून आवळलेले असतात, ते पुन्हा वापरू नका. क्लचचं हायड्रॉलिक ब्रेकच्याच टाकीतून चालतं, म्हणून पेडल मऊ वाटलं की आधी ऑइलची पातळी बघा. दर दोन वर्षांनी ऑइल बदला.

ऑटोमॅटिकचं "तेल आयुष्यभर चालतं" यावर विसंबू नका. झेडएफ स्वतः 80,000 ते 1,20,000 किलोमीटर किंवा 8 वर्षं सांगते. फिल्टर गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या पॅनमध्येच असतो, त्यामुळं पॅन पूर्ण बदलावा लागतो. पातळी बघताना गाडी सपाट, इंजिन चालू, गिअर एकेक करून फिरवलेले आणि तेल 40 अंशांच्या आसपास हवं. थंड इंजिन बंद ठेवून भरलं की तेल कमी पडतं, मग गिअर पडताना धक्के सुरू.

घाटात बंद पडली तर ऑटोमॅटिकला टोचन लावून ओढू देऊ नका. गिअरबॉक्सचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद असताना चाकं फिरली तर आत तेल पोचत नाही. सपाट ट्रकच मागवा.

बावडा_रोड

मनापासून आभार. ट्रॅकवर मॅन्युअल न्यायची तर सगळ्यात मोठा धोका कोणता?

आठवा_गिअर

चुकीचा गिअर. तिसऱ्यात 7200 ला, म्हणजे लाल रेषेला पोचलात, चौथा घ्यायला गेलात आणि हात डावीकडं दाबला जाऊन दुसरा पडला. क्लच सोडताच चाकं इंजिनला 10,800 कडं ओढतात. रेव्ह लिमिटर फक्त इंधन तोडतो, चाकांना तो अडवू शकत नाही. व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात, आणि हा जास्तीचा आरपीएम ईसीयूत (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) नोंदलेला असतो, म्हणून वॉरंटीचा दावाही अडचणीत. उपाय हाताच्या पकडीत आहे. नॉब मुठीत आवळू नका. लिव्हर मोकळा सोडला की स्प्रिंग त्याला आपसूक तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत आणते. तिथून उघड्या तळव्यानं सरळ मागं ओढा.

तुमच्या वापराला माझं उत्तर ऑटोमॅटिक. वडिलांचा डावा गुडघा आणि शहरातले चार दिवस हेच कारण. टेस्ट ड्राइव्ह हायवेवर घेऊ नका. संध्याकाळी सहाला दाभोळकर कॉर्नरवरून व्हीनस कॉर्नर आणि दसरा चौकापर्यंत दोन्ही गाड्या चालवा, वडिलांनाही चालवू द्या.

तांबडी_माती

आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच दोन गाड्या आंबा घाटात. वडिलांच्या गुडघ्याचं पटतं, त्यावर मी वाद घालत नाही. ते महिन्यातून एकदाच चालवणार असतील तर मात्र परत एकदा विचार करा.