डब्लिन : १८ व्या शतकातल्या कॅथलिकांच्या जमिनींचे दावे – काय वाचू, काय पाहू? (बजेट ४० युरो)

मृण्मयी_डब्लिन
नमस्कार मंडळी. इथल्या मराठी वाचनकट्ट्यावर पुढच्या महिन्यात मला अर्धा तास बोलायचंय. विषय पीनल लॉज, म्हणजे आयर्लंडातल्या प्रॉटेस्टंट राजवटीने कॅथलिकांवर निर्बंध घालणारे कायदे, त्यातही जमिनीची भांडणं. १७०४ च्या कायद्याने कॅथलिकांना जमीन विकत घ्यायला बंदी आली, भाडेपट्टाही ३१ वर्षांच्या आतलाच. १७०९ मध्ये आणखी एक भर पडली : असा बेकायदा व्यवहार उघड करून जो प्रॉटेस्टंट दावा लावेल, जमीन त्याची. नुसती कलमं सांगायची नाहीत, माणसं दिसायला हवीत. बजेट ४० युरो, हाताशी एक शनिवार. सुरुवात कुठून करू?

जुना_दफ्तरी
रजिस्ट्री ऑफ डीड्स, हेन्रिएटा स्ट्रीट. दुसरीकडे जाऊच नका. १७०८ पासूनचे दस्त आहेत. माझ्या बायकोचं माहेर टिपररीचं, त्यांच्या जमिनीचा पट्टा मी तिथेच शोधला. एकेक बाड खाली घ्यायला दोन्ही हात लागतात. सूची फक्त देणाऱ्याच्या नावाची आणि गावाची. घेणाऱ्याच्या नावाने शोधता येत नाही. पण सापडलं की जन्माचं सोनं होतं.

केरीकर
गाडी भाड्याने घ्या आणि केरी परगण्यात डेरीनेनला जा. कॅथलिकांचा पुढारी डॅनिएल ओ'कॉनेल, त्याच्या घराण्याचं घर. विश्वासातल्या प्रॉटेस्टंटाच्या नावावर जमीन ठेवून ही मंडळी टिकली. आम्ही दोन रात्री राहिलो, समुद्र बघून मुलं परत यायला तयार नव्हती. पैशाकडे बघू नका.

सदाशिव_गॉलवे
दफ्तरीकाका, शनिवारी सरकारी कचेरी बंद असते. ताई, रजिस्ट्रीच्या फिल्म्स फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर फुकट आहेत, घरी बसून बघा. मला एकाने पैसे घेऊन नक्कल काढून दिली, ती निघाली भलत्याच गावची. अजून राग जात नाही.

रानवारा
एक लक्षात घ्या. १७०३ मध्ये १४ टक्के जमीन कॅथलिकांकडे होती, १७७६ पर्यंत ५ टक्के उरली, हे आकडे सगळीकडे फिरतात. म्हणजे बाकीच्यांची जमीन दाव्यांत गेली असं नाही. बरीच घराणी जमिनीसह चर्च ऑफ आयर्लंडमध्ये, म्हणजे तिथल्या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये गेली. शिवाय कितीतरी दावे मित्रांनीच लावलेले. ओळखीच्या प्रॉटेस्टंटाने आधी दावा ठोकायचा, निकाल घ्यायचा आणि जमीन मूळ मालकासाठीच सांभाळायची, म्हणजे परका येऊच शकत नाही. आपल्याकडच्या बेनामी व्यवहारासारखंच.

शेतकरी_पुत्र
सगळ्यात वाईट म्हणजे कुळाने घाम गाळून जमीन सुधारली, उत्पन्न वाढलं, की खंड जमिनीच्या वार्षिक किमतीच्या दोन तृतीयांशाच्या खाली गेला म्हणून जमीन जायची!

रानवारा
नाही. कायद्यात 'पट्टा करतेवेळची' किंमत धरली आहे. त्या वेळी खंड किमतीच्या दोन तृतीयांशाहून कमी ठरवला असेल तरच पट्टा अडचणीत.

शेतकरी_पुत्र
कागदावर काहीही असो. ३० वर्षांपूर्वी जमिनीची किंमत काय होती हे कोर्टात सिद्ध कोण करणार? कुळाच्या मानेवर तलवार राहणारच ना. माझ्या आजोबांची केस १९ वर्षं चालली, मला विचारा.

केतकी_कॉर्क
आर्ट ओ'लिअरी! या कॅथलिकाला १७७३ मध्ये कॉर्कमध्ये गोळी घातली. ५ पौंडांत घोडा विकायला नकार दिला म्हणून वाद पेटला. थडगं किलक्रीला आहे, जाऊन या.

सदाशिव_गॉलवे
तो घोड्याचा कायदा, १६९५ चा : कॅथलिकाने ५ पौंडांहून महाग घोडा ठेवायचा नाही. ताईंना जमीन हवी आहे. फॅमिलीसर्च बघा, फुकट आहे.

अ_वाचक
असे दावे जिथे चालायचे त्या चान्सरी कोर्टाचे मूळ कागद १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातल्या आगीत गेले, म्हणून नुसत्या दस्तांवरून भांडण कळत नाही. गॉर्जेस एडमंड हॉवर्ड या डब्लिनच्या वकिलाने १७७५ मध्ये या कायद्यांखालची प्रकरणं छापली होती. नॅशनल लायब्ररीत मागा. वाचक कार्डाला पैसे पडत नाहीत.

जुना_दफ्तरी
मी पहिल्यांदाच सांगितलं, रजिस्ट्री. शनिवार नाही तर रजा काढा.

मृण्मयी_डब्लिन
सगळ्यांचे आभार. रजिस्ट्री, केरी, किलक्री यातलं काहीच करत नाहीये, आणि दावे लावणाऱ्या परक्यांवरही बोलणार नाही. रानवारांच्या 'घराणी गेली' या वाक्याने विषय बदलला. त्याच १७०४ च्या कायद्यात कॅथलिक बापाची जमीन सगळ्या मुलग्यांत सारखी वाटायची सक्ती होती. पण थोरला मुलगा बापाच्या हयातीत प्रॉटेस्टंट झाला, तर जमीन पुढे त्याचीच, बाप फक्त जिवंत असेपर्यंतचा भोगवटादार. जमीन विकायची नाही, गहाण टाकायची नाही. हे १७७८ पर्यंत चाललं. भावंडं एका पंगतीत बसत असतील, आणि थोरला रविवारी कुठल्या चर्चला जातो याकडे घराचं लक्ष असेल. मला त्या घराबद्दल बोलायचंय. धर्म बदललेल्यांच्या नावांची कन्व्हर्ट रोल्सची छापील यादी लायब्ररीत वाचणार, आणि जोडीला हॉवर्डमधलं बाप-लेकाचं एखादं प्रकरण मिळतंय का ते बघणार. एक दिवस रजा टाकली आहे.

दफ्तरीकाका, टिपररीचं आडनाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, यादीत दिसलं तर कळवते.