क्रॉसबोला (बंदुकीसारख्या दांड्यावरचं आडवं धनुष्य) नेमाची दुर्बीण, म्हणजे स्कोप, कोणता घ्यावा? (२० मीटरचा सराव, कोल्हापूर)

मळ्याकडचा
नमस्कार मंडळी. वडणग्याच्या मळ्यात घरामागं सरावापुरती जागा केलीय. अंतर २० मीटर, पुढं कधीतरी ४०. निशाणामागं मातीचा उंच ढीग आहे. चाळिशी ओलांडल्यापासून साधी पुढची साइट धूसर दिसते. बॉक्सवर वेग ३०० फूट प्रति सेकंद लिहिलाय. मित्र त्याचा ३-९×४० (३ ते ९ पट मोठं दाखवणारा, ४० मिमी भिंगाचा) रायफल स्कोप देतो म्हणतोय. तो बसवू, रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट) घेऊ, का क्रॉसबोचा खास स्कोप? बजेट आठ-नऊ हजार.

रंकाळा_पश्चिम
भावा, मित्राचा स्कोप राहू दे. रायफल स्कोपचा पॅरॅलॅक्स (डोळा हलला की क्रॉस निशाणावरून सरकल्यासारखा दिसणं टाळणारी जुळणी) बहुतेक वेळा १०० यार्डाला बांधलेला असतो. २० मीटरवर डोळा भिंगाच्या मधोमध नसला की क्रॉस निशाणावर दिसतो आणि बाण सेंटीमीटरभर बाजूला जातो. तिरंदाजीच्या १८ मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळच ४ सेंमीचं. म्हणजे मधे धरलेला बाण काठाच्या निम्म्यापर्यंत सरकला आणि चूक कुणाची ते कळतही नाही.

दुसरी गोष्ट बाणाच्या खाली येण्याची. ३०० फूट म्हणजे सेकंदाला साधारण ९१ मीटर. या वेगानं २० मीटर जाईपर्यंत बाण जवळजवळ २४ सेंमी खाली येतो आणि ४० मीटरला ९५ सेंमी. अंतर दुप्पट, घसरण चौपट. क्रॉसबोच्या स्कोपमध्ये एकाखाली एक रेघा असतात त्या यासाठीच. काहींना वेगाचं रिंगण असतं, ते आपल्या बाणाच्या खऱ्या वेगाला लावलं की रेघा २०, ३०, ४०, ५० यार्डाला जुळतात. बॉक्सवरच्या आकड्यावर जाऊ नका, जड बाणाला वेग कमी मिळतो.

शाहूपुरी_नेमबाज
फक्त २० मीटर मारणार असाल तर मोठं करून दाखवणाऱ्या भिंगाची गरजच नाही. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य घेतलं, त्या प्रकारात दुर्बीण नसते. बारीक भोकाची डायऑप्टर साइट असते आणि तिथलं दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं. पुढं स्पर्धेचं मनात असेल तर आधी नियमपुस्तिका वाचा, मगच पैसे घाला.

चाळिशीच्या डोळ्याला रेड डॉट सोयीचा, कारण नजर निशाणावरच ठेवायची असते. पण दुकानात बघूनच घ्या. ठिपका स्वल्पविरामासारखा पसरट दिसला तर मोबाइलनं त्याचा फोटो काढा. फोटोत गोल आला तर दोष डोळ्याचा, मग स्कोपच बरा. त्याची मागची कडा फिरवून रेघा आपल्या नजरेला स्पष्ट करता येतात. ठिपका २ एमओएचा (एमओए म्हणजे कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग) घ्या, ४ चा २० मीटरवर सव्वादोन सेंमी झाकतो.

मळ्याकडचा
लई उपयोगी माहिती. ४० मीटरचं मनात आहेच, म्हणून रेघांचा क्रॉसबो स्कोपच घेतो. बसवताना काय बघू?

रंकाळा_पश्चिम
आधी रेल बघा. रेल म्हणजे स्कोप बसवायची पट्टी. ११ मिमीच्या डव्हटेल पट्टीला पिकॅटिनी या रुंद, खाचांच्या पट्टीच्या रिंगा बसत नाहीत. स्क्रूला निळं थ्रेडलॉकर (आटे पकडून ठेवणारा गोंद) लावा, दोरी सुटताना बसणाऱ्या हादऱ्यानं ते हळूहळू ढिले होतात. स्कोप नायट्रोजन भरलेला बघा, आपल्याकडच्या आषाढातल्या ओलीत साध्या भिंगात आतून धुकं धरतं.

पहिले बाण १० मीटरवरून मारा, मग मागं सरका. आणि स्कोपची बटणं फिरवून (एक 'टक' म्हणजे एक क्लिक) बाण हलेना म्हणून स्कोप खराब ठरवू नका. पाव एमओएचा एक क्लिक २० मीटरला दीड मिलिमीटरच हलवतो. ५ सेंमी सरकवायचे तर ३४-३५ क्लिक लागतात. दर वेळी तीन बाण मारा आणि त्यांचा मध्य धरून फिरवा, एका बाणावर कधीच नको.

शाहूपुरी_नेमबाज
एक कळकळीनं सांगतो. उसात डुकरं येतात म्हणून त्यांच्यावर चालवायचा मोह होतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली विनापरवाना शिकार गुन्हा आहे, आणि जखमी जनावर उसात शिरलं तर तोडणीच्या टोळीतल्या माणसांच्या जिवावर येतं. बाण मातीच्या ढिगाकडंच. बाण लावल्याशिवाय दोरी कधी सोडू नका, धनुष्याचे दोन्ही हात (लिम्ब) तडकतात.