मदत हवी आहे: ऊसतोडीला गेलेल्यांचं म्हणणं गावाच्या आराखड्यात कसं आणायचं?

बालाघाटची लेक

नमस्कार मंडळी,

बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात आमचं गाव. मी ग्रामपंचायत सदस्य आहे, पहिलीच टर्म. प्रश्न जरा लांबलाय, पण पूर्ण वाचून मगच उत्तर द्यावं ही विनंती.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली शाश्वत विकासाची १७ ध्येयं ठरवली, २०३० पर्यंत गाठायची म्हणून. पहिलंच ध्येय गरिबी संपवण्याचं. आपल्या पंचायतराज मंत्रालयाने ती १७ ध्येयं नऊ संकल्पनांत बसवली. ग्रामपंचायतीने त्यातून निवड करायची, ग्रामसभेत संकल्प करायचा आणि वर्षाचा विकास आराखडा त्याला धरून करायचा. आमच्या ग्रामपंचायतीने 'गरिबीमुक्त आणि उपजीविका वृद्धीस पोषक गाव' ही संकल्पना घेतली. ठराव झाला, आराखडा ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर चढला. मी त्याची प्रिंट काढून ओळ न् ओळ वाचली. पेव्हर ब्लॉक, सिमेंट रस्ता, हायमास्ट दिवा, अंगणवाडीची रंगरंगोटी. कामं वाईट नाहीत, पण एकाही घराची गरिबी त्यातून हटणार नाही.

असं का झालं, तर ज्यांच्यासाठी हा आराखडा, ती माणसं तो ठरताना गावातच नव्हती. वस्तीवरची बहुतेक घरं दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन बाहेर पडतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत, परत येणं नाही. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला वस्तीवर म्हातारी माणसं आणि कुलपं. १ मेला लोक परतलेले असतात, पण तोवर आराखडा मंजूर झालेला. २ ऑक्टोबरला असतात, तर ते दिवस निघायच्या तयारीचे, आणि सभा सकाळी अकराला, म्हणजे रोज बुडवून या.

गणपूर्तीसाठी १५ टक्के मतदार किंवा १००, यातला कमी असेल तो आकडा लागतो. तेवढी माणसं जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग नेहमीची पंधरा-वीस माणसं ठरवतील ते गावाचं मत. सगळं नियमातच बसतं, म्हणून तर ते जास्त लागतं मनाला.

गेल्या हंगामाच्या तोंडावर मी वस्तीवर गेले होते. एक बाई पालाचा कागद घडी घालत होती, बाजूला तवा, पिठाचं पोतं, धाकट्याची शाळेची पिशवी. म्हटलं, गावात काय व्हावं वाटतं? तिने रस्ता मागितला नाही. म्हणाली, "पोरांचं वसतिगृह आमी जायच्या आदी चालू करा. आमी गेल्यावर चालू केलं तर पोरं कुणापाशी ठेवायची? मग संगंच न्यावी लागत्यात." दुसरी म्हणाली, श्रावण-भाद्रपदात दवाखान्याला पैसा लागला की मुकादमाशिवाय कुणी देत नाही. तिथंच उचल वाढते आणि पुढच्या सालाची तोड आधीच ठरून जाते. गरिबीचं मूळ कुठे आहे हे या दोघींना आमच्या आराखड्यापेक्षा नेमकं माहीत आहे. आणि त्यांच्या दोन्ही मागण्यांना पेव्हर ब्लॉकएवढाही खर्च नाही!

तेव्हापासून जे सापडेल ते वाचतेय. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्री शहरात १९८९ पासून लोक वस्तीवस्तीत जमून महापालिकेच्या खर्चाचा अग्रक्रम ठरवू लागले. जिथे सोयी कमी त्या भागाला वाटपात जास्त गुण, असा नियमच होता. १९८८ साली तिथे ७५ टक्के घरांना पाणी-मलनिस्सारणाच्या जोडण्या होत्या, १९९७ पर्यंत ९८ टक्के झाल्या, असं जागतिक बँकेने नोंदवलंय. आपल्या दक्षिणेकडच्या चार राज्यांतल्या अभ्यासात असं दिसलं की जिथे ग्रामसभा होते तिथे दारिद्र्यरेषेचं कार्ड भूमिहीन आणि निरक्षर घरांपर्यंत जास्त पोचतं. पण त्याच जागतिक बँकेने २०१३ साली जगभरचे अभ्यास तपासून हेही सांगितलं की अशा बैठकांना येतात ती मुख्यतः बऱ्या परिस्थितीतली, शिकलेली, पुरुष माणसं. म्हणजे आमच्या गावचं दुखणं जगभरचंच आहे.

माझे प्रश्न:

सहा-सहा महिने गावाबाहेर असणाऱ्यांचं म्हणणं कायद्याच्या चौकटीत नोंदवायचा मार्ग कोणता? ते नोंदवल्यावर आराखड्यात टिकतं का, की पुढे गाळलं जातं? आणि दुसरीकडे कुणी हे करून दाखवलं असेल तर त्यातलं आमच्यासारख्या दीड-दोन हजार लोकसंख्येच्या गावाला काय लागू पडेल?

अनुभवी मंडळींनी कृपया लिहावं. 'लोकांनाच पडलेली नाही' अशी उत्तरं नकोत. त्यांना पडलेली आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

---

निवृत्त ग्रामसेवक

ताई, ३१ वर्षं ग्रामसेवकी केली, त्यातली बरीच तुमच्याच पट्ट्यात. तुमचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे.

पहिला मार्ग प्रभागसभेचा. आपल्या ग्रामपंचायत अधिनियमात तरतूद आहे की सदस्याने ग्रामसभेआधी आपल्या प्रभागातल्या मतदारांची सभा घ्यावी. कागदावर सगळीकडे होते, प्रत्यक्षात क्वचित. तुम्ही ती खरोखर घ्या, भाद्रपदात, वस्तीवरच, संध्याकाळी माणसं कामावरून आल्यावर. कार्यवृत्त लिहा, सह्या-अंगठे घ्या, प्रत ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्या. पोच विसरू नका. महिला ग्रामसभाही मुख्य सभेच्या आधी घ्यायची असते, तिचंही असंच करा.

दुसरं, आराखड्यात पैशाच्या कामांशिवाय काही लिहायचं नसतं असा समज झालाय, तो काढून टाका. पंधराव्या वित्त आयोगात ६० टक्के निधी बंधित होता, पाणी आणि स्वच्छतेलाच वापरायचा. उरलेल्यावर ज्याचा आवाज मोठा त्याचं काम. स्वउत्पन्नातले मागासवर्गीयांचे १५ टक्के, महिला-बालकल्याणाचे १० टक्के, दिव्यांगांचे ५ टक्के आहेत, पण तुमच्या गावची घरपट्टी-पाणीपट्टी ती किती! गरिबी हटवणारा पैसा ग्रामपंचायतीच्या खात्यात नसतोच. तो शिक्षण, आरोग्य, समाजकल्याण, रोजगार हमी, उमेद (बचत गटांचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) अशा खात्यांत विखुरलेला असतो. तो गावाकडे ओढायला ग्रामसभेचा नेमका ठराव लागतो. 'गोरगरिबांसाठी योजना राबवाव्यात' असला ठराव फायलीत मरतो. 'अमुक वस्तीवरची इतकी मुलं, यादी सोबत, वसतिगृह अमुक तारखेआधी सुरू व्हावं' असा ठराव वरच्या साहेबालाही बाजूला सारता येत नाही.

तिसरं, उमेदच्या गटांचा ग्रामसंघ असेल तर त्यांनी गावाचा गरिबी निर्मूलन आराखडा करायचा असतो, व्हीपीआरपी म्हणतात तो. तो ग्रामसभेत मांडून विकास आराखड्यात घ्यायचा असतो. तुमच्या सीआरपी ताईंना (गटांसाठी गावात काम करणाऱ्या उमेदच्या कार्यकर्तीला) विचारा, झालाय का आणि गेला कुठे.

---

पालक्काडकर

नोकरीनिमित्त बरीच वर्षं केरळात आहे. इथली दोन-तीन गोष्टी सांगतो.

इथल्या पंचायती आकाराने मोठ्या, म्हणून ग्रामसभा मुळातच वॉर्डाची असते. १९९६ साली जनयोजना मोहीम सुरू झाली तेव्हा राज्याच्या योजना खर्चातला ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे द्यायचं ठरलं. आधी क्षमता येऊ दे, मग पैसा देऊ, असं म्हणत बसले नाहीत. बैठकीला येऊन काही पदरात पडतं हे दिसल्यावर माणसं आली.

१९९८ पासून कुटुंबश्री आहे. शेजारच्या दहा-वीस घरांतल्या बायकांचा गट, त्याला अयल्कूट्टम म्हणतात. ग्रामसभेत उभं राहून बोलायचं धाडस एकटीला होत नाही. इथे गटात आधीच बोलून झालेलं असतं, सभेत फक्त मांडायचं.

तुम्हाला सर्वांत उपयोगी पडेल ते अतिगरिबी निर्मूलनाचं काम. २०२१ पासून स्थानिक संस्थांमार्फत घरं शोधली. अन्न, आरोग्य, निवारा आणि उत्पन्न या चार कसोट्या. यादी ग्रामसभेपुढे ठेवली, शेवटी ६४,००६ कुटुंबं निघाली. मग प्रत्येक कुटुंबाचा वेगळा छोटा आराखडा केला. कुणाला घर, कुणाला औषधं, कुणाला नुसतं रेशनकार्ड. १ नोव्हेंबर २०२५ रोजी सरकारने राज्य अतिगरिबीमुक्त जाहीर केलं. कसोट्यांवर आणि यादीवर अर्थतज्ज्ञांनी आक्षेप घेतलेत, तो वादही जरूर वाचा. पण घरागणिक आराखडा ही पद्धत मला फार मोलाची वाटते. तुमच्या वस्तीवर घरं किती असतील, साठ? सत्तर? सहज होण्यासारखं आहे. आणि घराचा कागद तयार असला की माणूस कारखान्यावर असला तरी त्याचं म्हणणं गावात राहतं.

---

कोरडवाहू

ताईंचा उत्साह कमी करायचा नाही, पण नुसती माणसं सभेला आणली की झालं असं समजू नका. इंडोनेशियात सुहार्तोंची राजवट गेल्यावर जागतिक बँकेच्या मदतीने गावांना थेट निधी देणारी योजना आली. त्यातली एक गोष्ट चांगली होती, गावाच्या प्रस्तावांपैकी एक बायकांच्या स्वतंत्र बैठकीतून यायचा. तिथल्या ६०० हून अधिक गावरस्त्यांवर बेंजामिन ओल्केन या अर्थशास्त्रज्ञाने प्रयोग केला. काही गावांत हिशोबाच्या सभेची आमंत्रणं घरोघर वाटली. माणसं जास्त आली, पण निधीची एकूण गळती फारशी घटली नाही. मजुरीतली गळती थोडी कमी झाली, खडी-वाळूतली नाही. सरळ आहे, आपली मजुरी मिळाली की नाही हे प्रत्येकाला कळतं, रस्त्याखाली खडी किती इंच पडली ते कोण मोजणार? दुसऱ्या काही गावांत सांगितलं की सरकारी लेखापरीक्षण नक्की होणार. तिथे गळती ८ टक्के बिंदूंनी उतरली.

म्हणून माझं म्हणणं, वस्तीची मागणी अशी असू द्या जी वस्तीलाच तपासता येईल. वसतिगृह सुरू झालं की नाही, हे कुणालाही दिसतं. आणि सोबत वरून तपासणीही मागत राहा. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

---

बालाघाटची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

काका, प्रभागसभा भाद्रपदात वस्तीवर घेतेय, संध्याकाळी सात वाजता, मंदिराच्या ओट्यावर. ग्रामसंघाच्या अध्यक्ष ताईंशी बोलणं झालं. व्हीपीआरपी तयार होता, पण तो ग्रामसभेत वाचलाच गेला नव्हता! या वेळी त्या स्वतः वाचणार आहेत.

पालक्काडकर दादा, घरागणिक एक पान करायचं ठरवलं. त्यात रेशनकार्ड, आजारपण, डोक्यावरची उचल, मुलं कुठल्या इयत्तेत आणि त्या घराची स्वतःची एक मागणी, एवढंच. उचलीचा आकडा मात्र सभेत वाचणार नाही, तो ज्याच्या त्याच्याजवळ. मुकादमही त्याच सभेत बसलेला असतो.

कोरडवाहू दादा, तुमचं पटलं. पहिली मागणी वसतिगृहाचीच धरतेय, तारखेसकट.

आता दोन गोष्टी अडल्यात. हंगामी वसतिगृहासाठी शाळा व्यवस्थापन समितीचा प्रस्ताव आणि ग्रामसभेचा ठराव असे दोन्ही जोडून कुणी पाठवलेत का? पाठवले असतील तर मंजुरी तोड सुरू होण्याआधी हातात पडावी म्हणून ते कोणत्या महिन्यात पाठवले? आणि स्थलांतरित घरांसाठी केलेल्या ठरावाचा एखादा नमुना कुणाकडे असल्यास नावं झाकून इथेच टाकावा, शेजारच्या दोन गावांतल्या सदस्यांनीही मागितलाय.