मदत हवी आहे: कृष्णधवल फोटोत फिल्मसारखा ग्रेन (बारीक दाणेदारपणा) कसा आणायचा?

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी पहाटे दादरच्या फुलबाजारात फोटो काढले आणि घरी येऊन कृष्णधवल केले. बरे आलेत, पण फारच गुळगुळीत. बाबांनी ट्राय-एक्स ४०० या कृष्णधवल फिल्मवर काढलेले गिरगावचे जुने प्रिंट शेजारी ठेवले की माझे प्लास्टिकचे वाटतात.

लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रेनचे तिन्ही स्लायडर फिरवून पाहिले. सगळीकडे सारखी रांगोळी भुरभुरल्यासारखं दिसतं. बाबांच्या प्रिंटमध्ये ग्रेन राखाडी भागात उठून दिसतो, गडद काळ्यात आणि पांढऱ्यात जवळपास नाहीच. माझ्याकडे उलटं: गजरे विणणाऱ्या मावशींच्या गालापेक्षा मागच्या दुकानाच्या काळ्या शटरवरच जास्त नजरेत भरतो!

मग फोटोशॉपमध्ये ५० टक्के राखाडी लेअर ओव्हरलेवर (खालच्या फोटोत मिसळणाऱ्या मोडवर) ठेवला, त्यात मोनोक्रोमॅटिक नॉइज (बिनरंगी ठिपके) टाकून किंचित गॉसियन ब्लर (धूसरपणा) दिला. हे त्यातल्या त्यात जमलं. पण ब्लर किती द्यायचा? फाइल २४ मेगापिक्सेलची, प्रिंट १२ बाय १८ इंचाचे हवेत. स्क्रीनवर १०० टक्क्यांना छान दिसणारा ग्रेन प्रिंटवर पार गायब झाला, एक प्रिंट फुकट गेला. शिवाय शार्पनिंग ग्रेनच्या आधी करता की नंतर?

खऱ्या फिल्मची रिकामी फ्रेम स्कॅन करून तिचाच ग्रेन कुणी लेअर म्हणून वापरलाय का? असल्यास कितीच्या रिझोल्यूशनला स्कॅन केलं तेही सांगा. ('मग फिल्मवरच काढ ना' हे घरी रोज ऐकतोय, ते सोडून.)