बी.एड.ला ई-पोर्टफोलिओ: महारा की गूगल?

खडूचा_तुकडा: बी.एड. कॉलेजात शिकवते. दुसऱ्या वर्षाची शाळेतली आंतरवासिता (इंटर्नशिप) 16 आठवड्यांची. शेवटी 50 जणांची पाठांची टाचणं, निरीक्षण-नोंदी, फोटो अशी स्पायरल केलेली बाडं येतात आणि तपासून झाली की कपाटावर चढतात. यंदा प्राचार्यांनी ई-पोर्टफोलिओचा, म्हणजे हेच काम ऑनलाइन जमवण्याचा, आग्रह धरलाय. निम्म्या मुलांकडे फक्त मोबाइल आहे. काय वापरू?

सर्व्हरवाला: महारा बघा, ई-पोर्टफोलिओचंच सॉफ्टवेअर आहे. 2006 साली न्यूझीलंडमध्ये सुरू झालेलं, मुक्तस्रोत. नाव माओरी भाषेतलं, अर्थ 'विचार करणं'. मूडल या ऑनलाइन वर्गाच्या प्रणालीला जोडता येतं. मुलानं पान सादर केलं की त्याला कुलूप लागतं, तुम्ही सोडेपर्यंत बदल करता येत नाही. म्हणजे आदल्या रात्रीनंतरची रंगरंगोटी बंद! पण सर्व्हर सांभाळायला माणूस लागतो. तो नसेल तर या वाटेला जाऊ नका.

निशिगंधा७: मोबाइलवर गूगल साइट्समध्ये वेबसाइट बांधत बसणं म्हणजे डोकेदुखी. गूगल ड्राइव्हवर प्रत्येकाचा फोल्डर, त्यात एक डॉक, झालं. फक्त कॉलेजच्या ईमेलवर ठेवू नका. पास झाल्यावर माझं खातं बंद केलं, अन् मुलाखतीत लिंक उघडेना. दोन वर्षांचं काम गेलं.

जुना_मास्तर: अहो, साधन कुठलंही घ्या, आत काय येणार ते आधी ठरवा. नाहीतर 'पाठ छान झाला, विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला' हेच 50 वेळा वाचाल. मी फसलेला पाठ मागतो. एका मुलीच्या सहावीच्या वर्गात अर्धा अधिक एक तृतीयांशचं उत्तर एकानं दोन पंचमांश दिलं. तिनं फळा पुसला आणि पुढे गेली. घरी आल्यावर तिनं लिहिलं, 'त्यानं अंशात अंश, छेदात छेद मिळवले. मला हे वर्गात सुचलंच नाही.' सोबत मूळ टाचणाचा फोटो, पुढच्या आठवड्याचं कागदी पट्ट्यांचं टाचण आणि त्या पोराच्या वहीचं पान. वहीचंच हं, मुलांचे चेहरे टाकू देऊ नका.

खडूचा_तुकडा: हे पटलं. मग ड्राइव्ह, स्वतःच्या ईमेलवर. 16 आठवड्यांत अशा किती नोंदी मागू?

जुना_मास्तर: चार. आणि पहिली तिसऱ्या आठवड्यातच वाचा, अभिप्राय द्या. शेवटी एकदम बघायला गेलात तर तुमचं कपाट तेवढं ड्राइव्हवर जाईल.

खडूचा_तुकडा: आणि प्राचार्यांना रंगीत मुखपृष्ठ हवंय, त्याचं काय? 😄

निशिगंधा७: ते कॅनव्हावर पाच मिनिटांत होतं. गुण मात्र देऊ नका त्याला.